धुरेवरचा भार

मराठीच्या वर्गात ‘धुरा’ हा शब्द दरवर्षी एकदा तरी येतोच. ‘त्यांनी संस्थेची धुरा समर्थपणे सांभाळली’ असे एखादे वाक्य कुठल्यातरी गौरवलेखात असते, आणि मी पुस्तक मिटून विचारतो, धुरा म्हणजे काय? ‘जबाबदारी’ हे उत्तर ठरलेले असते. मग मी फळ्यावर संस्कृतातला ‘धुर्’ लिहितो. धुर् म्हणजे जू; गाडीचा तो पुढचा भाग, ज्याच्यातून भार जनावराच्या मानेवर उतरतो. त्यापासून धुरीण, त्यापासूनच धुरंधर. ज्याला आपण व्यासपीठावर बसवून ‘धुरंधर’ म्हणतो तो शब्दार्थाने जू वाहणारा बैल आहे, असे सांगितले की वर्ग हसतो. आमच्या मुलांना तर हे अधिकच जवळचे, कारण विदर्भात गाडी हाकणाऱ्याला ‘धुरकरी’ म्हणतात.

हा विनोद मी कितीतरी वर्षे केला. शब्दाच्या मुळाशी उभा असलेला बैल मला दिसत होता; माझ्या घरातला दिसत नव्हता. तो दिसण्याला निमित्त झाल्या दोन शिडाच्या होड्या, आणि त्याही हिंगणघाटसारख्या, कोणत्याही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात.

हिंगणघाट हे वणा नदीच्या काठचे कापसाचे गाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला तेव्हा हिंदुस्थानी कापसाला भाव आला. त्या काळच्या इंग्रजी अहवालांत ‘हिंगणघाट’ हा शब्द गावापेक्षा कापसाच्या एका प्रतीसाठीच जास्त येतो. रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली ती १८६७ साली. त्याआधी हा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि बंड्यांमधून बाहेर जात असे. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. तेव्हा बंडी बांधणे, तिची चाके भरणे, तिला धाव चढवणे ही या गावाची विद्या होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ती विद्या आमच्या घरात माझ्या थोरल्या भावाच्या हातात आली.

वडील गेले तेव्हा भाऊ दहावीत होता आणि मी पाचवीत. त्याने शाळा सोडली आणि तो एका म्हाताऱ्या लोहाराच्या भात्यावर बसला. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या रिंगणात तापवून लाल करायची, ती फुगली की चाकावर बसवायची आणि पाणी मारून आवळायची, हे मी लहानपणी डबा पोहोचवायला जाई तेव्हा पाहिलेले आहे. पाण्याचा चर्र आवाज होई आणि चाकाचे सगळे सांधे एका क्षणात घट्ट होत. पुढे लाकडी चाके गेली, रबरी टायरच्या बंड्या आल्या, मग ट्रॅक्टर आणि त्यामागच्या ट्रॉल्या. भावाने भाता सोडून वेल्डिंग शिकून घेतले आणि नागपूर–हैदराबाद रस्त्याच्या कडेला टिनाच्या शेडखाली स्वतःचे काम सुरू केले. दरम्यान मी नागपूरला वसतिगृहात राहून एम.ए. केले. त्यासाठी लागलेले पैसे कुठून येत होते, हे मी त्या वयात विचारले नाही. नंतर विचारण्याची वेळ निघून गेली असे मी स्वतःला सांगत आलो. वहिनींच्या हातात पाटल्या नव्हत्या, हे मात्र मला दिसत असे.

ही गोष्ट जानेवारी २००८ ची. तेव्हा तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७ होता. आता त्याला ४४ म्हणतात. कापसाचा हंगाम भरात होता आणि भावाच्या शेडपुढे दुरुस्तीच्या ट्रॉल्यांची रांग होती. त्याच्या आठ दिवस आधी त्याने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. पाइप वाकवण्याचे एक मोठे यंत्र घ्यायचे होते, बँकेचे कर्ज जवळपास मंजूर होते, पगारदार जामीन हवा होता. ‘तू नोकरीवाला आहेस, तुही सही चालते,’ एवढेच तो म्हणाला. मी ‘बघतो’ म्हटले. माझे स्वतःचे घराचे कर्ज नुकते सुरू झाले होते. ‘बघतो’ या शब्दाचा मराठीतला खरा अर्थ आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि तो भावालाही होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेडवर गेलो तो खरे म्हणजे नकार सांगायला. वाक्ये मनात जुळवली होती. पण तिथे वेगळेच दृश्य होते. एक जीप, तिच्यामागे एक ठेंगणा ट्रेलर, आणि ट्रेलरवर एकावर एक ठेवलेल्या दोन विचित्र होड्या. दोन विशीतली मुले काळजीत उभी होती. त्यांनी चेन्नईकडे दोन जुन्या होड्या स्वस्तात विकत घेतल्या होत्या आणि ते त्या भोपाळला न्यायला निघाले होते, तिथल्या मोठ्या तलावावर चालवायला. हैदराबाद सोडल्यावर ट्रेलर डुलू लागला. आदिलाबादच्या पुढे तो इतका डुलू लागला की ताशी तीसच्या वर जाण्याची त्यांना भीती वाटू लागली. कुणीतरी त्यांना सांगितले की हिंगणघाटला ट्रॉलीवाला आहे.

या होड्यांना कॅटामरान म्हणतात. दोन सडपातळ, लांबट होडकी एकमेकांना समांतर ठेवून ती आडव्या दांड्यांनी जोडलेली असतात आणि मधे कापडाची ताणलेली बैठक असते. त्या मुलांच्या होड्या ‘हॉबी १६’ या जातीच्या होत्या. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टरने १९७० च्या सुमारास ही होडी बाजारात आणली. वाळूवर सरळ चढवता यावी म्हणून हिच्या तळाला खाली उतरणारी फळी नसते. लांबी पाच मीटरच्या थोडी वर, रुंदी २.४१ मीटर, डोलकाठी आठ मीटरची, आणि वजन मात्र अवघे १४५ किलो. भावाने वजन विचारले तेव्हा मुलांनी हाच आकडा सांगितला. दोन्ही मिळून २९० किलो. ‘म्हणजे तीन क्विंटलबी नाही,’ भाऊ म्हणाला. ‘इतका तर आपला एका फेरीतला सांडलेला कापूस असते.’

विनोद बाजूला ठेवला तर त्याने पहिल्याच वाक्यात विषयाच्या गाभ्याला हात घातला होता. कापूस हलका असतो आणि जागा फार खातो. म्हणून कापसाच्या बंडीला बाजूंनी उंच तट्ट्या बांधतात, आत माणसे उतरवून कापूस तुडवतात, वरून दोर आवळतात. अशा गाडीला वजनाचे भय नसते. भय असते ते उंचीचे, वाऱ्याचे आणि तोलाचे. हे ओझे त्याच जातीचे होते. समुद्रावरची वस्तू त्याने आयुष्यात प्रथम पाहिली, आणि ती कशासारखी आहे हे त्याला लगेच कळले. अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीत रुजवून घेणे याला आम्ही साहित्याच्या वर्गात मोठमोठी नावे देतो.

त्याने ट्रेलरला तीन फेऱ्या मारल्या. मग खाली वाकून एकच प्रश्न विचारला : ‘वरची कशावर उभी आहे?’

वरची होडी खालच्या होडीवर उभी होती. ज्याने कुणी ही व्यवस्था करून दिली होती, त्याने खालच्या होडीच्या पाठीवर जुन्या टायरचे तुकडे आणि गादीचे फोम ठेवून दुसरी होडी वर चढवली होती आणि दोन्ही मिळून दोराने आवळल्या होत्या. दिसायला सगळे घट्ट होते. भावाने खालच्या होडक्यावर बोटाच्या पेराने ठोकायला सुरुवात केली, बाजारात मडके पारखावे तसे. टक्, टक्, टक्. आणि बरोबर त्या टायरच्या तुकड्याखाली, भद्. तो थांबला. पुन्हा मागे आला. पुन्हा भद्. मुलांचे चेहरे उतरले. या होडक्यांची भिंत एकसंध नसते. फायबरग्लासचे दोन पातळ पापुद्रे आणि मधे फोमचा थर अशी ती असते. सगळी ताकद या तिघांच्या एकमेकांना चिकटून राहण्यात आहे. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात वरची होडी खालचीवर आपटत आली होती, आणि एका जागी पापुद्रा फोमपासून सुटला होता. बाहेरून चरासुद्धा दिसत नव्हता.

‘खालचीनं खूप सोसलं,’ भाऊ म्हणाला. ‘हे भरणं माझं काम नाही, ते तुम्ही तिकडं करून घ्या. पण आता वरचीचा भार हिच्यावर नाही पडला पाहिजे. तो खाली चेसीवर गेला पाहिजे. दोघी एकमेकीच्या वर राहतील, पण एकमेकीवर नाही.’

मी नकाराची वाक्ये घेऊन तिथे उभा होतो. मला घरी जायला हवे होते. मी स्टूल ओढून बसलो.

अडचण अशी होती. वरच्या होडीसाठी चौकट उभी करायची तर खांब कुठे रोवायचे? मधे रोवावेत तर खालच्या होडीची कापडी बैठक आडवी येते. बाहेर रोवावेत तर होडीचीच रुंदी २.४१ मीटर, त्यात खांब आणि पट्ट्या मिळवल्या की रस्त्यावरच्या वाहनाला नियमाने मुभा असलेल्या २.६ मीटरच्या ती टेकणार. एका मुलाने सुचवले की होड्या सोडवून सुटे भाग न्यावेत. त्याला एक दिवस लागणार होता, आणि जुन्या दांड्या होडक्यांच्या खोबणीत इतक्या रुतल्या होत्या की त्या निघण्याची खात्री नव्हती. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एक चौकोनी पाइप घेतला आणि बैठकीच्या पुढे, दोन होडक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, सरळ उभा धरला. कापड पुढच्या दांडीपाशी संपते आणि होडक्यांची तोंडे त्याच्याही बरीच पुढे गेलेली असतात. तेवढी जागा रिकामी होती. मागेही होडक्यांची शेपटे जिथे संपतात तिथे तशीच फट होती. चार खांब, दोन पुढे, दोन मागे, खालच्या होडीला स्पर्शही न करता तिच्यातून वर जाणार होते.

रात्री आठ वाजता काम सुरू झाले. चार उभे पाइप, त्यांच्या माथ्यावर दोन आडवे, त्या आडव्यांना जोडणारे दोन लांब पाइप, आणि त्यांच्यावर होडक्यांच्या तळाला बसतील असे चार अर्धगोल पाळणे. पाळणे कुठे बसवायचे हे त्याने होडीला विचारून ठरवले, असेच मला म्हणावेसे वाटते. जिथे आडव्या दांड्यांचे पाय होडक्यावर उभे असतात तिथे होडके सर्वांत बळकट, कारण होडीचा स्वतःचा भार रोज तिथेच उतरतो. पाळण्यांना त्याने जुन्या टायरची पट्टी आणि तिच्यावर सतरंजीचा तुकडा लावला. खांब सरळ उभे असले तरी ब्रेक दाबताच चौकट पुढे कलंडेल, चौकोनाचा तिरपा चौकोन होईल. म्हणून प्रत्येक बाजूला तिरपे टेकू घातले. हे सगळे त्याने नटबोल्टने जोडले. वेल्डिंग केले ते फक्त सुट्या भागांचे. ट्रेलरच्या मूळ चेसीला त्याने ज्योत लावली नाही. चौकट उद्या काढून ठेवता येईल आणि ट्रेलर होता तसा राहील, असे त्याचे म्हणणे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ घडणीत फेरफार करण्यावर बंधन आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केले. पण भावाला कलम ठाऊक नव्हते. दुसऱ्याच्या चेसीला कायमचा डाग लावू नये, एवढाच त्याचा कायदा होता.

वरचे काम झाले तरी डुलण्याचा प्रश्न उरलाच होता. रात्री अकराच्या सुमारास त्याने ट्रेलर जीपपासून सोडवला, सगळ्या मुलांना बाजूला केले आणि पुढचा दांडा एका हाताने उचलला. तो सहज उचलला गेला.

‘पाह्य,’ तो मला म्हणाला. ‘उलार आहे.’

हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि विसरलो होतो. बंडीच्या मागच्या अंगाला जास्त भार झाला की पुढची धुरा वर उठते, बैलांच्या गळ्याला जोत लागते आणि बैल गुदमरतात. तिला आमच्याकडे उलार बंडी म्हणतात. पश्चिमेकडे तिलाच उलाळ म्हणतात. उलट सगळा भार पुढे आला तर बैलांची मान मोडते. चांगला धुरकरी पोते अर्धा हात पुढे किंवा मागे सरकवून बंडी तोलावर आणतो. ट्रेलरच्या शास्त्रातही नेमके हेच सांगितलेले आहे, हे मला पुढे कळले : एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर यायला हवा. तो कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डुलू लागतो, आणि तो डोलारा आपोआप वाढत जातो. जीपला मान नसते, म्हणून ती गुदमरत नाही, ती उलटते.

‘सिमेंटची एक थैली उचलावं इतका भार धुरेवर पाहिजे,’ भाऊ म्हणाला. ‘जास्त नाही, कमी नाही.’ ट्रेलर, चौकट आणि होड्या मिळून साडेपाचशे किलो धरले तर पन्नास किलोची थैली म्हणजे जवळजवळ तोच दहावा हिस्सा. त्याने यू-बोल्ट ढिले केले, कमानपाट्यांसकट आख चेसीवरून वीतभर मागे सरकवला, पुन्हा आवळला आणि दांडा उचलला. मग मला म्हणाला, ‘तू उचल.’

मी दोन्ही हातांनी दांडा धरला. तो उचलला गेला, पण पाठीला कळले. मी खाली ठेवला तेव्हा माझ्या तळहातांवर गंजाच्या तांबड्या रेघा उमटल्या होत्या. ‘धुरा’ या शब्दाची व्युत्पत्ती मी तोपर्यंत किमान पंधरा वर्षे शिकवली होती, आणि धुरेचे वजन मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

चहा झाला. मुले जीपमध्ये झोपली. भाऊ कापडाने हात पुसत बसला आणि मी विषय काढू की नको या विचारात असताना तोच बोलला. जामिनाचे नव्हे, होड्यांचे. त्याला ‘कॅटामरान’ हा शब्द मजेशीर वाटला होता. ‘मरान’ म्हणजे मरणच का, असे त्याने मुलांना विचारले होते आणि ती हसली होती. मी त्याला सांगितले की शब्द मूळचा तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडे. तिकडचे कोळी लाकडाचे ओंडके दोराने एकत्र बांधून त्यांच्यावरून समुद्रात जात. इंग्रज प्रवासी विल्यम डॅम्पियर याच्या १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हे नाव आढळते. पुढे युरोप-अमेरिकेत दोन होडक्यांची नाव बनू लागली तेव्हा हेच नाव तिला चिकटले, जरी तिची घडण कोरोमंडलच्या ओंडक्यांपेक्षा पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या जोडनावांच्या जवळची होती. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनिएल हेरशॉफची अशी एक नाव इतकी पुढे गेली की बाकीच्यांनी तक्रार केली आणि तिला त्या शर्यतींतून वगळण्यात आले. म्हणजे वस्तू एकीकडची, नाव दुसरीकडचे; आणि आता ती वस्तू त्याच कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून परत, तमिळ नावाचे इंग्रजी रूप अंगावर घेऊन, हिंगणघाटात आली होती.

भावाने सगळे ऐकून घेतले. ‘म्हणजे बांधण्यालाच नाव आहे,’ तो म्हणाला. ‘लाकडाला कोणीबी होडी म्हणत नाही.’

मग मी, विषय टाळण्यासाठीच, त्याला शिडांची गोष्ट सांगितली. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाची नौका इंग्लंडमध्ये जाऊन शर्यत जिंकून आली. तिची शिडे यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची होती आणि इंग्रजांची जवसाच्या जातीच्या तागाची. सुती शीड ताणलेले राहते, वारा कमी गळतो. त्यानंतर शंभर वर्षे शिडाला कापूस होता. १९५० नंतर पॉलिएस्टर आले. मला वाटले होते, कापसाच्या गावात ही गोष्ट शोभून दिसेल. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘इतकं सारं तुले माहीत आहे. चांगलं आहे. मी तुले शिकवलं तेव्हा मले वाटायचं, एवढं शिकून हा काय करन.’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. खरोखर समाधान होते. तेच मला सोसवेना.

‘मी तुले शिकवलं’ हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. ते उपकार म्हणून आले नव्हते, तारीख सांगावी तसे आले होते. पण माझ्या मनात संध्याकाळचा त्याचा प्रश्न फिरू लागला : वरची कशावर उभी आहे? माझे एम.ए., माझी नोकरी, माझे पुस्तकांचे कपाट, ‘धुरंधर’ शब्दावरचा माझा विनोद, हे सगळे कशावर उभे होते? आम्ही दोघे भाऊ एकमेकांना धरून आहोत, असे गावात कौतुकाने बोलले जाई. ते खरेच होते. दोराने आवळलेल्या त्या होड्याही बाहेरून अशाच एकजीव दिसत होत्या. आतला पापुद्रा कुठे सुटला आहे हे बोटाने ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मी कधी ठोकून पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आठ माणसांनी वरची होडी मागून उचलून पाळण्यांत ठेवली. भावाने पट्टे आवळले, आणि आवळताना एक गोष्ट मुलांकडून दोनदा म्हणवून घेतली : वरच्या होडीचा पट्टा चौकटीला बांधून थांबायचे नाही, तो खाली चेसीपर्यंत न्यायचा. चौकट भार पेलते, पण धरून ठेवते ती चेसी. डोलकाठ्या मधोमध, त्यांच्या मागच्या टोकाला वहिनींनी दिलेला लाल कपडा. मुलांनी पैसे विचारले. भावाने लोखंडाचा भाव आणि दोन माणसांची रोजी सांगितली. रात्रीच्या विचाराची, त्या खांब कुठे रोवावेत या विचाराची, त्याने काहीच किंमत लावली नाही. मी ते बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, ‘डोक्स्याचे पैसे कोणी घेते का?’ मी त्याचेच पगार घेत होतो, हे त्याच्या लक्षात आले नाही, की येऊनही तो बोलला नाही, कोण जाणे.

जीप महामार्गावर गेली आणि नागपूरच्या दिशेने वळली. ट्रेलर तिच्यामागे शांत चालत गेला. दोन होड्या एकीच्या वर एक, मधे हातभर मोकळी हवा.

त्याच दुपारी मी बँकेत जाऊन सही केली. यात मोठेपणा सांगण्यासारखे काही नाही, हे लिहिणे आवश्यक आहे. यंत्र आले, दोन वर्षे चांगली गेली, मग तयार ट्रॉल्या बाहेरून येऊ लागल्या आणि शेवटचे अकरा हप्ते मी भरले. अकरा हप्ते म्हणजे वसतिगृहाच्या एका वर्षाचेही पैसे नसतील, रुपयाची तेव्हाची किंमत लक्षात घेतली तर. भावाने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. आता तो थकला आहे. शेड एका तरुणाने चालवायला घेतले आहे. पण जुने शेतकरी अजून बंडीचा तोल बघायला त्याला बोलावतात.

साहित्याच्या अभ्यासात आम्ही ‘परंपरेच्या खांद्यावर उभे राहणे’ असे फार सहज म्हणतो. बोलीतून प्रमाणभाषा, श्रमाच्या शब्दांतून सभेचे शब्द, कुणाच्या तरी सुटलेल्या शाळेतून कुणाची तरी पदवी. खालच्याने पेलले म्हणून वरचा वर आहे, आणि वरचा खालच्याचा गौरव करतो. गौरवाने भार कमी होत नाही. भावाचा उपाय वेगळा होता : चौकट अशी करायची की वरच्याचे वजन खालच्याच्या अंगावर न पडता चेसीवर, म्हणजे दोघांच्याही खाली असलेल्या आधारावर जावे. आमच्या व्यवसायात ती चौकट कशी उभी करायची याचे उत्तर माझ्यापाशी नाही. खांब रोवण्याची जागा शोधायला मात्र हवी, आणि ती बहुधा जिथे आपण पाहत नाही तिथेच रिकामी असते.

मी अजून दरवर्षी ‘धुरा’ शिकवतो. विनोद सोडून दिला आहे. आता मी वर्गाला एक दिवस महामार्गालगतच्या त्या शेडवर घेऊन जातो, भाऊ खुर्चीवर बसलेला असतो, आणि रिकाम्या ट्रॉलीत दोन-तीन पोती टाकून मुलांना एकेक करून दांडा उचलायला सांगतो. शब्दार्थ मी सांगत नाही. भाऊ विचारतो, ‘उलार आहे का बरोबर आहे?’, आणि मुले उत्तर देतात.